ड्युटीची अंघोळ ड्युटीवरच व्हावी

सोलापुरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं साथीच्या काळात घरी परतणाऱ्या माणसासाठी सूचना लिहू नयेत. 2020 च्या उन्हाळ्यात अशा सूचना रोज मोबाईलवर येत होत्या. चपला बाहेर काढा. चष्मा, घड्याळ, मोबाईल पुसून घ्या. कुठंही हात न लावता सरळ न्हाणीघरात जा. अंगावरचे कपडे गरम पाण्यात साबण टाकून भिजवा, डोक्यावरून अंघोळ करा, मगच लेकरांना जवळ घ्या. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढं घर होतं ते चोवीस तास नळाचं, दारातून न्हाणीघरात जायला वेगळी वाट असलेलं. आमच्या भद्रावती पेठेत तसं घर शोधत फिरावं लागेल.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. माझी सून शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. कोविडच्या पहिल्या दोन लाटांत ती वॉर्डात होती. तिच्या अंघोळीचं पाणी मी तापवलं, तिचे कपडे मी उकळले. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी मानते. माझं म्हणणं एकच आहे. साथीत काम करणाऱ्या माणसाची अंघोळ, त्याच्या कपड्यांची धुलाई ही त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि ती कामाच्या जागीच व्हायला हवी. पाणी, खोली, साबण, वेळ, सगळं काम देणाऱ्यानं पुरवायला हवं. ते आपण घरांवर ढकललं, आणि घरातही मुख्यतः बायकांवर.

12 एप्रिल 2020 ला शहरातला पहिला रुग्ण पाच्छा पेठेत सापडला. म्हणजे आमच्या पूर्व भागातच. त्या रात्रीपासून आमच्या बोळात दोन खांबांना दोरी बांधून त्यावर जुनी चादर टाकली. त्या चादरीमागं एक पाट, दोन बादल्या, साबण. घर म्हणजे पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाक आणि त्यातच मोरी. मोरीपर्यंत जायचं तर स्वयंपाकघरातून, सासऱ्यांच्या खाटेला वळसा घालून जावं लागतं. म्हणून अंघोळ बोळात. रात्री साडेनऊच्या सुमारास मुलगा तिला गाडीवरून आणायचा, ती गेटबाहेरूनच हाक मारायची, "अत्तम्मा (म्हणजे सासूबाई), बाजूला व्हा, नातवाला आत घ्या." मग ती चादरीमागं जायची. वर शेजाऱ्यांची गॅलरी. बत्ती बंद करून, अंगावर गाऊन ठेवूनच तिनं उन्हाळाभर अंघोळ केली. दिवसभर पीपीई किटात घामानं भिजलेल्या बाईला अंगभर पाणीसुद्धा मोकळेपणानं घेता आलं नाही. एकाही सूचनापत्रकात मला याबद्दल ओळ दिसली नाही.

आता पाण्याचा हिशोब. डोक्यावरून अंघोळ, कपडे भिजवणं, दोनदा खळबळून काढणं, चपला आणि ओटा धुणं, यांना मिळून पाच-सहा बादल्या लागतात. ऐंशी-नव्वद लिटर धरा, एका माणसाचे, एका रात्रीचे. शहरांसाठी सरकारी प्रमाण माणशी रोज 135 लिटरचं आहे, ते कागदावर. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे दोनला, कधी दुपारी. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर, तिथून जलवाहिनीनं पाणी यायचं. मध्ये कुठं गळती झाली, वीज गेली की आमचा दिवस आणखी एकानं पुढं जातो. हौद आणि दोन बॅरल भरायचे आणि त्यात सहा माणसांनी पुढची पाळी गाठायची. सुनेच्या अंघोळीला कात्री लावायची नाही हे मी ठरवलं होतं. मग कात्री कुठं लागली? फरशी पुसणं बंद झालं. सासऱ्यांचं पांघरूण महिना महिना धुतलं गेलं नाही. नातवाला एका तांब्यात हात धुवायला शिकवलं. आणि साथीत हात धुणं तर कपडे उकळण्याहून महत्त्वाचं होतं! एकीच्या कपड्यांसाठी सगळ्या घराच्या हातांचं पाणी तोडायचं, ही निवड कुठल्याही कुटुंबापुढं यायला नको होती.

शास्त्र काय म्हणत होतं तेही पाहू. 17 मार्च 2020 ला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका प्रयोगाची माहिती आली. प्रयोगशाळेत हा विषाणू पुठ्ठ्यावर दिवसभर, प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत जिवंत सापडला होता. ती बातमी वाचून देशभर लोक दुधाच्या पिशव्या आणि कोथिंबीर साबणानं धुऊ लागले. पण विषाणू सापडणं वेगळं आणि त्यातून लागण होणं वेगळं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं एप्रिल 2021 मध्ये सांगितलं, की दूषित वस्तूला एकदा हात लागला तर त्यातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. हा आजार मुख्यतः श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो हे तोपर्यंत स्पष्ट झालं होतं. विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, साध्या साबणानं ते फाटतं. महागडं जंतुनाशक त्यासाठी लागत नाही. अनेक गावांत माणसांवर औषध फवारण्याचे बोगदे उभे राहिले, तेव्हा 18 एप्रिल 2020 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंच बजावलं, की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, त्यानं अपायच होतो. सुनेच्या हातांची सालं हायपोनं, म्हणजे हायपोक्लोराइटच्या जंतुनाशकानं, निघाली होती. खोबरेल लावून ती झोपायची.

मग आमच्या घराला खरं कशानं वाचवलं? मला वाटतं, कारखान्यानं. आमच्या घरामागं यंत्रमागांची शेड आहे, त्याला आम्ही कारखानाच म्हणतो. टाळेबंदीत माग बंद होते. कामगार नव्हते, सूत नव्हतं, टॉवेलांना गिऱ्हाईक नव्हतं. त्या शेडला दोन्ही अंगांनी मोठ्या खिडक्या आणि वर पत्र्याला हवेची झडप. सून तिथं झोपायची, मागांच्या रांगेत खाट टाकून. जेवण तिला मी उंबऱ्याशी ठेवायचे. नातू खिडकीतून तिच्याशी बोलायचा, दोघांच्या तोंडाला मास्क. ती आपल्या श्वासापासून आम्हाला लांब ठेवत होती, आणि ते कपडे उकळण्यापेक्षा कितीतरी उपयोगी होतं. पण शेड आमच्याकडं होती म्हणून हे जमलं. विडी घरकुल वसाहतीत एका खोलीत सात माणसं राहतात, तिथं राहणाऱ्या, वॉर्डात काम करणाऱ्या मावशीनं कुठं खाट टाकायची? मुंबईत ताज समूहानं एप्रिल 2020 मध्ये आपल्या हॉटेलांतल्या खोल्या डॉक्टर आणि नर्स मंडळींना दिल्या, ते फार चांगलं झालं. झाडूवाल्या बाईसाठी मात्र अशी खोली कुणी उघडल्याचं मी ऐकलं नाही.

म्हणून सूचनांचा क्रम बदलायला हवा. आधी हवा, मास्क, वेगळी झोपायची जागा, ताप आला तर पगारी रजा आणि लगेच चाचणी. मग हात. कपडे आणि अंघोळ त्यानंतर. याचा अर्थ अंघोळ नको असा नाही. वॉर्डात रुग्णाची उलटी, थुंकी, रक्त अंगावर उडतं. कोविड नसला तरी क्षय असतो, कावीळ असते. आणि बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात किट घालून सहा-आठ तास उभी राहिलेली बाई किट काढल्या क्षणी अंघोळ मागते. तासाभरानं, घरी पोचल्यावर नव्हे. गरज जिथं निर्माण होते तिथंच ती भागली पाहिजे.

घरच्या अंघोळीनं आणखी एक नुकसान केलं. आपल्याकडं स्मशानातून आलेल्या माणसाला दारातच पाणी देतात, अंघोळ केल्याशिवाय तो घरात येत नाही. सून रोज तशी दारात थांबायची, आणि बघणाऱ्यांच्या मनात तोच अर्थ उमटायचा. शेजारच्या बाईनं आमच्या बाजूची खिडकी बंद केली ती दिवाळीपर्यंत. दूधवाला पातेल्यात उंचावरून दूध ओतायचा. आमचं घर स्वतःचं, म्हणून निभावलं. भाड्यानं राहणाऱ्या कितीतरी नर्सना घरमालकांनी खोल्या सोडायला लावल्या, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारले गेले. शेवटी 22 एप्रिल 2020 ला केंद्र सरकारला साथरोग कायद्यात अध्यादेशानं बदल करून असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. सफाई कामगारांची गोष्ट तर याहून जुनी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या "लांबून जा" म्हटलं गेलं, त्यांच्याच दारात आपण साथीचं कारण देऊन बादली ठेवली. तोच माणूस कामाच्या जागेवरून न्हाऊन, धुतलेले कपडे घालून, इतर कुठल्याही नोकरदारासारखा गल्लीत शिरला असता तर त्याच्याकडं कुणाचं बोट गेलं नसतं.

कामाची अंघोळ कुठं व्हावी हा प्रश्न जगात आधी विचारला गेला आहे, आणि तो घरातल्या बायकांनीच विचारला. ब्रिटनमधले कोळसा खाणकामगार काळ्या अंगानं घरी यायचे. त्यांच्या बायका चुलीवर पाणी तापवून, जड भांडी उचलून घरात टब भरायच्या. घरात तीन कमावते आणि तिघांच्या पाळ्या वेगळ्या असतील तर हे दिवसरात्र चालायचं. लेकरं उकळत्या पाण्यानं भाजायची, ओझ्यानं बायकांचे गर्भ पडायचे. 1919 मध्ये कोळसा उद्योगावरच्या सँकी आयोगापुढं वेल्समधल्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी साक्ष दिली आणि मागणी केली, की खाणीच्या तोंडाशीच न्हाणीघरं बांधा. 1926 च्या कायद्यानं खाणीच्या रॉयल्टीवर कर बसवून त्यासाठी पैसा उभा केला, आणि पुढच्या काही वर्षांत अनेक खाणींवर गरम पाण्याची न्हाणीघरं, स्वच्छ कपड्यांचं कपाट एकीकडं आणि खाणीतल्या कपड्यांचं दुसरीकडं, अशी व्यवस्था झाली. मला हे वाचताना आमचा बोळ आठवला, चुलीवरचं ॲल्युमिनियमचं पातेलं आठवलं. माझी पाठ त्या उन्हाळ्यानंतर सरळ झालेली नाही.

कपड्यांतून घरी काय येतं याची याहून भयंकर गोष्ट ॲस्बेस्टॉसची. 1965 मध्ये न्यूहाऊस आणि थॉम्पसन यांनी लंडनमध्ये फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. त्यांतले काहीजण कधीही कारखान्यात गेले नव्हते, फक्त त्यांच्या घरातलं कुणीतरी ॲस्बेस्टॉसचं काम करत होतं. कपडे झटकणारी, धुणारी बायको आजारी पडली होती. आमच्या शहरात विडीच्या तंबाखूची धूळ पदरातून घरी आणणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांच्याबद्दल कधीतरी कुणी असं बारकाईनं पाहायला हवं.

आपल्या कायद्याला हे कळत नाही असं नाही. 1948 च्या कारखाने कायद्यातलं कलम 42 हात-अंग धुण्याच्या सोयीबद्दल होतं आणि कलम 43 कपडे ठेवण्या-वाळवण्याच्या जागेबद्दल. माझे वडील गिरणीत होते, त्यामुळे ही कलमं आमच्या घरात युनियनच्या बोलण्यातून ऐकू यायची. रुग्णालय कारखाना नाही, म्हणून नर्स त्यातून बाहेर राहिली. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यावरच्या 2020 च्या संहितेत कलम 24 आहे. स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कामगारांसाठी वेगळी अंघोळीची जागा, लॉकर, कपडे ठेवण्या-वाळवण्याची सोय ही मालकाची जबाबदारी असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी ते कलम दोनदा वाचलं आणि मला खरंच आनंद झाला. पण त्याच संहितेत पुढची गोष्टही आहे. राज्य सरकारच्या कार्यालयांना ती लागू नाही, तिथल्या कंत्राटी कामगारांना तेवढी लागू आहे. सरकारी दवाखान्यातल्या कायम नर्सचं काय, याचं उत्तर सरकारनं स्पष्ट शब्दांत द्यायला हवं. खासगी आणि सहकारी रुग्णालयांना तर आता सबबच उरलेली नाही.

आणि आरोग्य खात्यासाठी घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या? कायद्यानं त्या कामगारच नाहीत, स्वयंसेविका आहेत. 15 सप्टेंबर 2020 ला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी त्याच फिरल्या. केंद्राकडून कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये होते, म्हणजे दिवसाचे तेहतीस. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा सन्मान केला. दिवसभर दारोदार फिरून आलेल्या आशाताईला हात-तोंड धुवायला, साडी बदलायला जागा कुठं होती? मंगळवेढ्याकडं, सांगोल्याकडं तर तिच्या घरचं पाणीही टँकरचं. गावातल्या आरोग्य उपकेंद्राला एक न्हाणीघर, पाण्याची टाकी आणि त्याची किल्ली आशाताईकडं, एवढी साधी सोय व्हायला काय अडचण आहे? शहरात नागरी आरोग्य केंद्रं आहेत, झोन कार्यालयं आहेत. घंटागाडीवरच्या आणि झाडूच्या कामगारांची हजेरी जिथं लागते, तिथंच अंघोळीची सोय हवी.

कपड्यांचं म्हणाल तर सोलापूरला कुणी शिकवायची गरज नाही. आमची चादर आणि आमचा टर्किश टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. देशभरच्या शाळांचे, दवाखान्यांचे गणवेश इथल्या गारमेंटच्या कारखान्यांत शिवले जातात. ज्या शहरात टॉवेल विणले जातात आणि गणवेश शिवले जातात, तिथल्या नर्सला, वॉर्डबॉयला, सफाई कामगाराला वर्षाला दोन जोड गणवेश मिळतात आणि ते घरी नेऊन धुवा म्हणतात, हे मला सहन होत नाही. चार जोड द्या. मळलेला जोड पिशवीत टाकून तिथंच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी धुतलेला घ्यायचा. रुग्णालयात चादरींची धुलाई होतेच, त्यात गणवेश का नाही? अमेरिकेत 1991 पासून रक्तातून पसरणाऱ्या आजारांबद्दलचा नियम आहे. संरक्षक कपडे धुण्याचा खर्च आणि काम दोन्ही मालकाचं, कामगाराकडून त्यासाठी एक पैसा घ्यायचा नाही.

पैसा कुठून आणायचा, असं लगेच विचारलं जाईल. घराघरात जळलेला गॅस, लाकडं, विकत घेतलेले पाण्याचे जार, बायकांचे तास, हाही पैसाच होता. तो कुठल्या अंदाजपत्रकात दिसला नाही इतकंच. एका रुग्णालयात शंभर जणांसाठी सौर बंब आणि कूपनलिका करणं हे शंभर घरांत शंभर पातेली चढवण्यापेक्षा स्वस्तच पडेल. आणि वापरलेलं पाणी उघड्या गटारातून गल्लीत न येता प्रक्रियेला जाईल.

हा लेख लिहायच्या आधी मी सुनेला विचारलं, तुला नेमकं काय हवं होतं? ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "दोन न्हाण्या, आतून कडी लागणाऱ्या. गरम पाणी. आणि अंघोळीचा अर्धा तास ड्युटीत धरलेला." शेवटचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या दिवसांत तिच्या रुग्णालयात कपडे बदलायला बायकांसाठी एकच खोली होती. पाळी सुटली की वीस जणी रांगेत. रांगेत थांबायचं तर घरी जायला आणखी उशीर, तोही बिनपगारी. म्हणून सगळ्या तशाच निघायच्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं 1956 मध्ये बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारांचा असाच खटला आला होता. शिसं आणि आम्लात काम करणाऱ्यांना पाळी संपल्यावर अंघोळ करणं, कपडे बदलणं भाग होतं. न्यायालयानं सांगितलं, हा वेळ कामाचाच आहे, त्याचा पगार द्या. आपल्याकडं संहितेखालचे नियम राबवले जाताना हा अर्धा तास त्यात लिहून घ्यायला हवा. नर्सच्या संघटनांनी, सफाई कामगारांच्या युनियननी आणि आशांच्या कृती समितीनं ही मागणी एकत्र करावी. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत एखाद्या नगरसेविकेनं उठून एवढंच विचारावं, की आपल्या किती झोन कार्यालयांत, किती दवाखान्यांत बायकांसाठी आतून कडी लागणारी, पाणी असलेली न्हाणी आहे. प्रशासनानं नावानिशी यादी सभागृहात ठेवावी.